एकशे अकरा कुंड्या

लेबल

२४ तास ऑक्सिजन.
घरातील हवा शुद्ध ठेवते.
कमी ऊन, कमी पाणी. घरात सुखशांती.

खाली एक फोन नंबर. शेवटचे दोन आकडे पाण्याने गेलेले. झाडाचं नाव कुठेच नाही.

पानं तळहाताच्या दुप्पट. मधल्या जाड शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट शिंतोडे, कुणी चुना द्यायला घेतला आणि अर्ध्यात कंटाळून उठून गेला असे. दांडा अंगठ्याएवढा, उसासारखा पेरांचा. कुंडी काळी, प्लास्टिकची.

पप्पूने ते पेठ गावाजवळ हायवेच्या कडेला घेतलं. पप्पू म्हणजे माझा नवरा. कागदावर ज्ञानेश्वर, बाकी सगळीकडे पप्पू. टोमॅटोच्या दिवसांत रोज पिकअप घेऊन नारायणगावच्या बाजारात जातो. मी त्याला तोंडाने "अहो" म्हणते. इथे नाव लिहिते, कारण इथे कुणी डोळे वटारायला नाही.

झाड मागितलं नव्हतं मी. खिडकी मागितली होती.

भिंत

पाठच्या खोलीत आम्ही तिघं झोपतो. मी, पप्पू आणि आमची समृद्धी, वय सात. खोली दहा बाय बारा फूट. एक दार आहे, ते स्वयंपाकघरात उघडतं. एक खिडकी आहे, ती बुजवलेली आहे. कितीही वेळा रंग दिला तरी दर उन्हाळ्यात भिंतीवर तिचा चौकोन उमटतो.

अठरा वर्षांपूर्वी, माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधी, पलीकडच्या जानकूभाऊंची मेंढरं आमच्या मेथीत शिरली. एक वाफा साफ. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये तीन फुटांचा बोळ आहे. त्या बोळात भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी गेणूमामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विटा आणून खिडकी बुजवली. "त्या घराकडं माझ्या घराचं तोंड नको. आन् बोळात कुणी पाय ठेवायचा न्हाई."

गावात लोक बोलणं बंद करतात, वाट बंद करतात. मामांनी हवा बंद केली.

मागच्या थंडीत समृद्धीला धाप लागायला लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध ओढायचा पंप दिला आणि विचारलं, "झोपायच्या खोलीला खिडकी आहे ना?"

"आहे," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. माहेरच्या माणसांसमोर सासर झाकतात तसं मी डॉक्टरांसमोर भिंत झाकली. घरी येईपर्यंत त्याचाच राग येत राहिला.

मागणी

"मामा, ती खिडकी उघडायची."

"कोणती?"

"एकच हाय."

"ती खिडकी न्हाई. ती भिंत हाय."

"भिंतीला चौकट असते का?"

मामांनी ताटातली भाकरी मोडली. सासूबाई, साळुबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्यांनी मला डोळ्यांनी सांगितलं की आता बास.

"त्याच्या मेंढरांची धूळ घरात घ्यायची का? पोरीला आणि जास्त व्हईल," मामा म्हणाले.

"मेंढरं राहिलीत का आता? सहा हायेत. त्यातली दोन बसूनच असतात."

"तुला काय म्हाईत, किती हायेत?"

"बुजवली खिडकी. कान न्हाई बुजवले."

आत्या हसल्या आणि लगेच पदर तोंडावर घेऊन खोकल्या.

पप्पू बापासमोर बोलत नाही. तो वस्तू आणतो. दोन दिवसांनी तो हे झाड घेऊन आला, आणि बरोबर त्या चौकोनासमोर, स्टुलावर ठेवलं.

"हवा साफ करतं," तो म्हणाला. "त्या नर्सरीवाल्यानं मोबाईलवर दाखवलं. मोठमोठ्या हाफिसात ठेवतेत."

मामा खूश झाले. कुंडी फिरवून बघितली, पानाला बोट लावलं.

"घ्या. झालं का काम? खिडकी बी झाली आन् शोभा बी झाली."

फोन म्हणतो

मी बारावी सायन्स. पुढे शिकायचं होतं, लग्न झालं. ते जाऊ द्या. पण एवढं कळतं की ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्यावर पोरीचा श्वास सोपवायचा नाही.

फोनमध्ये झाड ओळखायचं अ‍ॅप घेतलं.

पहिला फोटो: अ‍ॅग्लोनिमा, ४१ टक्के.
दुसरा फोटो, दिवा लावून: डिफेनबेकिया, ३८ टक्के.
तिसरा फोटो, लांबून: गुलाब, ७७ टक्के.

गुलाब बेडशीटवरचा होता.

बचत गटाच्या ग्रुपवर टाकला फोटो. मनी प्लँट. क्रोटन. लकी आहे, ठेव. कुठून घेतलंस, मला पण एक सांग. एकीने हात जोडलेले पाठवले, का ते देवाला माहीत.

आत्यांनी चष्मा लावून बघितलं. पान उलटं केलं, देठापाशी नखाने दाबलं.

"अळूच्या जातीचं दिसतंय."

"कशावरनं?"

"कोंब बघ की. सुरळी करूनच येतोय. वड्या व्हतील का गं?"

"आत्या!"

"इचारलं नुसतं. पर खाजरं असंल."

फोनने चाळीस टक्क्यांवर हात टेकले, आणि शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई कुळापर्यंत पोचली. नंतर वाचलं तर दोन्ही नावं खरंच अळूच्याच कुळातली निघाली. पण दोघांतलं नेमकं कोणतं, ते कळेना. फोटोत दोघांची पानं सारखीच. नेटवर एक जण म्हणायचा पोराबाळांच्या घरात ठेवू नका, दुसरा म्हणायचा प्रत्येक घरात हवंच.

पीक

तीन आठवडे झाड चौकोनासमोर उभं होतं. समृद्धीच्या छातीतली शिट्टी होती तशीच होती.

मग झाड मलूल झालं. देठाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसायला लागलं. मला वाटलं धूळ. मामा दारातूनच ओरडले.

"मिलीबग लागलाय की राव! तुमाला दिसत कसं न्हाई?"

चाळीस वर्षं टोमॅटो करणारा माणूस. लांबून प्लॉट बघून सांगतो कुठल्या सरीला काय लागलंय. दुसऱ्या दिवशी मी आणि आत्या तोडणीला होतो, पप्पू बाजारात. घरी मामा एकटे. त्यांनी आधी कुंडीत चमचाभर युरिया घातला. मग टोमॅटोवर मारायच्या कीटकनाशकाची बाटली काढली, झाकणाने मापलं, फवारणीच्या छोट्या पंपात पाणी घातलं आणि झाडाला औषध मारलं. वरून, खालून, बगलेत. नीट. पिकाला मारतात तसं.

आणि दार लावून घेतलं. उघड्यावर औषध वाऱ्याने उडतं, बंद खोलीत पानाला चांगलं बसतं, हा त्यांचा विचार.

वाईट हेतू नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलले आहे आणि त्यातलं काही परत घेणार नाही. हिरवं पान दिसलं की आमच्या घरात कुणीही हेच केलं असतं. मीही केलं असतं कदाचित. आमच्याकडे झाड शोभेसाठी नसतं. झाड म्हणजे पीक, आणि पिकावर काही आलं की मारायचं.

साडेचारला समृद्धी शाळेतून आली. दप्तर टाकलं, पलंगावर आडवी झाली. पलंगापासून स्टूल एक हात.

त्या संध्याकाळी तिचा श्वास कसा चालला होता, ते मी लिहिणार नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ज्याला नाही, त्याला वाचून हळहळायला मिळावं म्हणून मी हे लिहीत नाहीये.

पप्पू बाजारातून येताच पिकअपमधून मंचर. मांडीवर पोरगी, कडेला मामा, मागे टोमॅटोची रिकामी कॅरेट आपटत होती.

डॉक्टरीणबाई

मास्क लावला, वाफ दिली, इंजेक्शन दिलं. तासाभराने समृद्धीने पाणी मागितलं. मग बाई आमच्याकडे वळल्या.

"तिच्या केसांना वास कसला येतोय? घरात काय मारलं?"

मामांनीच सांगितलं. न लपवता. नाव सांगितलं, माप सांगितलं. "अर्धाच डोस धरला व्हता, बाई. झाडाला. झाड मरू नये म्हणून."

"कसलं झाड?"

"हवा साफ करायचं," मामा म्हणाले आणि तिथेच थांबले. ते स्वतःच्याच तोंडातून काय निघालं, याकडे बघत राहिले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. मला वाटतं ओरडल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं.

"बाबा, ऐका. तुमच्यासारखं खूप जणांना वाटतं. शिकलेल्यांनाही वाटतं. ज्या प्रयोगावरून हे म्हणतात, तो झाला होता लहानशा बंद पेटीत. पेटीत झाड ठेवलं, रंगाबिंगातून येतात तसले वायू सोडले, नंतर मोजलं तर कमी झालेले. पेटीत. घर म्हणजे पेटी नाही. फटीतून, दारातून जेवढी हवा आपोआप बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला कमीत कमी दहा झाडं लागतील, असा हिशेब लोकांनी नंतर मांडलाय. काही झाडांना शंभर, काहींना हजार. आणि तेही वायूंपुरतं. धुळीचं तर वेगळंच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खिडकी आहे म्हणाला होतात ना?"

"नाही," मी म्हणाले. "विटा घालून बुजवलीय."

मामांनी मान वळवली. पण मी बाईंकडेच बघत होते.

डिफन

सकाळी समृद्धीला घेऊन घरी आलो. चादरी धुतल्या, गादी उन्हात टाकली, फरशी दोनदा पुसली. मामांनी स्वतःच झाड उचलून मागच्या नळापाशी ठेवलं आणि जाहीर केलं, "गेलं झाड. मिटला इषय."

मिटला?

मी नळापाशी गेले. हातमोजा नव्हता, म्हणून प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळली, एक पान देठासकट तोडलं, त्याच पिशवीत घातलं आणि बोळ ओलांडून जानकूभाऊंच्या अंगणात जाऊन उभी राहिले. लग्नाला नऊ वर्षं झाली. तीन फुटांचा बोळ मी पहिल्यांदा ओलांडला.

रतनबाई, जानकूभाऊंची बायको, कामाला निघायच्या तयारीत होत्या. डोक्याला रुमाल, डबा हातात. त्या पेठच्या एका नर्सरीत पिशव्या भरायला जातात, हे गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि मी महिनाभर फोनला विचारत बसले होते.

"मावशी, एक झाड ओळखायचंय."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे आमच्या घराकडे.

"सासऱ्याला इचारून आलीस का?"

"न्हाई."

"मग बस."

पिशवी उघडायच्या आधीच, वरूनच बघून त्या म्हणाल्या, "डिफन हाय. लांब धर. ह्याचा चीक लई वंगाळ. आमच्यात दांडकं तोडताना हातमोजं घालतेत. मंगल हाय आमच्याबरोबर, तिनं एकदा तसाच हात तोंडाला लावला. जीभ अशी सुजली! दोन दिस बोलता आलं न्हाई. तिच्या नवऱ्यानं पेढं वाटायचं बाकी ठेवलं."

मी हसले. चोवीस तासांत पहिल्यांदा.

"अ‍ॅग्लोनिमा पण अगदी असंच दिसतं ना?"

"तुमाला दिसतं. त्याचा दांडा बारीक, बुडापासनं फुटवा घेतो. ह्याचं एकच खोड, जाड, वर वर जातं. मी दिवसाला दोनशे लावते गं. माझ्या पोरींच्या वेण्या जेवढ्या न्हाई घातल्या, तेवढी ही दांडकी खोचली."

"हवा साफ करतं म्हणून लिहिलंय त्याच्यावर."

"ते आमीच चिकटवतो," रतनबाई म्हणाल्या. "लेबलाचा गठ्ठा यतो. पंधरा जातीची झाडं, लेबल एकच. मालकाला म्हणलं, भाऊ, हे खरं हाय का? तर म्हणतो, आधी जायचं न्हाईत, आता जातेत."

मग मी खरं काम काढलं. खिडकीचं.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. गोठ्याच्या तोंडाशी जानकूभाऊ दोरी वळत बसले होते, ते सगळं ऐकत होते, पण दोरीकडेच बघत होते.

"मेथी अजून न्हाई पचली व्हय तुझ्या सासऱ्याला?" ते म्हणाले. "ज्यांनी खाल्ली ती मेंढरं मरून किती वर्सं झाली."

"भाऊ, बोळ तुमचाबी हाय. उघडू का?"

"उघडायला मी बुजवलीय का? उघड. खरकटं पाणी टाकू नको त्यातनं, म्हंजे झालं."

"आणि मेंढरांचा वास?"

"तो यणार," रतनबाई म्हणाल्या.

"येऊ द्या."

माप

दहा बाय बारा फूट म्हणजे एकशे वीस चौरस फूट.
एकशे वीस चौरस फूट म्हणजे अकरा चौरस मीटर आणि वर थोडंसं.
चौरस मीटरला दहा झाडं. कमीत कमी.
एकशे अकरा.

मामा मळ्यातून यायच्या आधी मी फडताळातली सगळी भांडी काढली. स्टीलचे पेले. वाट्या. लग्नात आलेल्या पराती, ज्यांच्यावर कुणाकुणाच्या मामा-मामीची नावं कोरलेली आहेत. चटणीचे डबे, तांबे, फुलपात्रं, समृद्धीची भातुकली. एक पेला म्हणजे एक कुंडी. भिंतीपासून सुरुवात केली. पलंगाखाली जागा नव्हती म्हणून पलंगावर मांडली. चौऱ्याण्णवला खोली भरली. उरलेली उंबऱ्यावर, दोन थरांत.

समृद्धी स्वयंपाकघरात मोजत होती. ती दोनदा चुकली, मी दोनदा पहिल्यापासून मोजायला लावलं. आत्या आधी म्हणाल्या, "येडी झालीस का?" मग स्वतःच जाऊन देवघरातली दोन तामणं आणली.

मामा आले. हातपाय धुतले. दारात थांबले.

"हे काय?"

"तुमचं झाड. एक पेला, एक कुंडी. डॉक्टरीणबाईंचा हिशेब. एकशे अकरा. आत या, मामा, बसा. हवा लई साफ हाय."

पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी एक पाय उचलला, कुठे ठेवावा ते बघितलं आणि परत मागे घेतला.

"भांडी मांडून घर चालत न्हाई."

"मग मेथी धरून चालतं?"

पप्पू तेव्हाच पिकअप लावून आत आला होता, हातात चावी, शर्टवर टोमॅटोचे डाग.

"काय बोललीस?"

"एक वाफा मेथी, मामा. अठरा वर्षं. मेथी उगवली, कापली, विकली, परत पेरली, किती वेळा पेरली असंल तुमी त्याच वाफ्यात. आन् पोरीनं त्या वाफ्यापायी श्वास कोंडून घ्यायचा? ती तर तवा जन्मलीबी नव्हती."

"हे घर मी बांधलं."

"हो. खिडकी ठेवून बांधलं व्हतं. चांगलं बांधलं व्हतं. मी तुमचंच घर मागतेय, दुसऱ्याचं न्हाई."

"मी जिवंत असेपर्यंत..." ते म्हणाले.

"तुमी जगा शंभर वर्षं. पण तिला जगायचंय त्याच्या पुढं."

मग मी भांडी आवरायला घेतली. नीट, एकात एक घालून, परातीत रचून. रागात भांडी आपटणारी बाई सगळ्यांना हवी असते. तिला वेडी म्हणता येतं. मी एक पेलाही आपटला नाही. खोली रिकामी केली, समृद्धीला आत्यांबरोबर पुढच्या ओट्यावर पाठवलं, आमच्या गोठ्यातून पहार आणली आणि तोंडाला ओढणी बांधली.

पलंग भिंतीला लागून होता. एकटीने हलेना.

"पप्पू," मी म्हणाले. "पलंग ओढ."

नाव घेतलं. त्याच्या बापासमोर, अहो नाही, तुम्ही नाही. पप्पूने मामांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग चावी खिशात घातली आणि पलंग ओढला. पहार त्याने हातात घेतली नाही, मी दिलीही नसती.

वीट

पहिल्या घावाला फक्त गिलावा पडला.

पाचव्याला वीट हलली. मातीतच रचलेल्या होत्या, सिमेंट नुसतं वरून फासलेलं. घाईत, रागात केलेलं काम.

पलीकडून रतनबाईंचा आवाज आला, "थांब, थांब, आमच्या कडंला वैरण हाय!" घासत नेल्याचा आवाज. मग, "हं. हाण आता."

आठव्या की नवव्याला पलीकडचा उजेड दिसला, रुपयाएवढा. आतून धूळ उडाली आणि माझ्याकडे न येता त्या भोकातून बाहेर गेली. मी हे नुसतं बघत राहिले. धूळ बाहेर जाताना. एवढंच तर काम होतं खिडकीचं.

विटांच्या मध्ये जुने गज निघाले, गंजलेले, पण शाबूत. मामांनी गजांसकट बुजवली होती.

अंधार पडायच्या आत चौकट मोकळी झाली. मेंढरांचा वास आला. लेंड्यांचा, ओल्या लोकरीचा. मी नाक भरून घेतला. मला आवडला असं सांगत नाही. आवडायलाच हवा, असं कुठे आहे?

सोपान

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गवंडी घेऊन आले. सोपान. घमेलं, थापी, सायकलच्या कॅरियरला बांधलेली अर्धी गोणी सिमेंट. विटा काल पडलेल्याच होत्या, मी त्या कोपऱ्यात रचून ठेवलेल्या.

सोपानने खिडकी बघितली, डोकं खाजवलं. "गेणूभाऊ, कुठनं बुजवायची? आतनं का भायरनं?"

"भायरनं."

तो बोळात गेला. घमेलं टेकवतो न टेकवतो तोच जानकूभाऊ उभे राहिले.

"ते घमेलं उचल. बोळाची मोजणी झालेली न्हाई. अठरा वर्सं हा माणूस म्हणतो बोळात कुणी पाय ठेवायचा न्हाई. मी ठेवत न्हाई. मग त्याचा गवंडी कसा ठेवंल?"

"अवं जानकूभाऊ, तासाचं काम हाय."

"तासाचं असू दे न्हाईतर मिनिटाचं. गेणूलाच इचार. त्यानंच घातलाय नियम."

सोपानने गजांमधून आत बघितलं. मामा आत उभे होते. त्यांची आणि जानकूभाऊंची नजर गजांमधून एकमेकांना भिडली, आणि मामांच्या पाठीमागे मी होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला नाही. जानकूभाऊंचा दिसला. ते हसत नव्हते. पण त्यांना फार बरं वाटत होतं.

"मग आतनं कर," मामा म्हणाले.

सोपान फिरून पुढच्या दाराने आला. तोपर्यंत मी पाठच्या खोलीच्या उंबऱ्यात बसले होते. मांडीवर समृद्धी, तिच्या हातात पोह्यांची ताटली.

"वहिनी, जरा वाट द्या."

"न्हाई देणार, भाऊ."

"मला सांगितलंय त्यांनी."

"मला डॉक्टरनं सांगितलंय. आत जायचं तर आमच्या दोघींवरनं जा."

सोपान मामांकडे वळला. मामा पप्पूकडे. पप्पू अंगणात पिकअपची काच पुसत होता, जी आधीच स्वच्छ होती.

"पप्पू! बायकोला उठव."

काच पुसणं चालूच राहिलं. मग तिकडूनच, मान न वळवता, "ती न्हाई उठायची, दादा."

आयुष्यात पहिल्यांदा बापाला उलट काही म्हणाला तो. चार शब्द. मी ते मोजले.

आत्यांनी चहा आणला. सोपानला दिला, मामांपुढे ठेवला. सोपानने बशीत ओतून घेतला, प्यायला, ओठ पुसले. "गेणूभाऊ, तुमचं घरात ठरलं की बोलवा," म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

त्यानंतर

झाड नळापाशीच आहे, लिंबाच्या सावलीत. समृद्धीचा हात पोचणार नाही अशा कठड्यावर. टाकलं नाही मी. त्याचा काय गुन्हा, त्याने कुठे सांगितलं होतं की मी हवा साफ करतो. लेबल तेवढं काढून चुलीत घातलं. कुंडीवर पेनाने लिहिलेली पट्टी चिकटवली: डिफन, चीक लागू देऊ नये. रतनबाईंनी सांगितलं तसं. मिलीबग आत्या कापडाने पुसतात, साबणाच्या पाण्याने. औषधाच्या बाटल्या मळ्यातल्या पेटीत गेल्या.

खिडकीने समृद्धी बरी झाली, असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं तर माझ्यात आणि त्या लेबलात फरक काय राहिला? तिचा पंप चालू आहे. कधी शिट्टी वाजते, कधी वाजत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या वेळ लागेल, आणि मेंढरांच्या बाजूने धूळ फार आली तर तेवढा वेळ झडप लावा. अजून झडप बसवायची आहे. बसवेन. उघडणारी.

मामा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांचं ताट रोज वाढलं, भाकरी गरम दिली, आणि मीही बोलले नाही.

नवव्या दिवशी ते पाठच्या खोलीच्या दारात आले. आत नाही. दारातच. मी गज काथ्याने घासत होते, निघेल तेवढा गंज काढत. बोळापलीकडे रतनबाई डोक्याला रुमाल बांधत होत्या, त्यांनी मला हात केला, मी केला.

"पडदा तरी लाव," मामा म्हणाले.

"न्हाई लावणार."

"लोकं आत बघतील."

"बघू द्या," मी म्हणाले. "अठरा वर्षं बघायचं राहिलंय त्यांचं."